जो मासा जगवता येत नाही, तो विकायचा कशाला?

घरच्या टाकीत आणलेला मँडरिन हा छोटा, रंगीबेरंगी समुद्री मासा बहुतेक वेळा रोगाने मरत नाही. तो उपाशी मरतो, आणि ते होत असताना टाकीत सगळं व्यवस्थित चाललेलं असतं. पाण्याची क्षारता बरोबर, तापमान पंचवीस-सव्वीस अंशांवर स्थिर, अमोनिया शून्य, बाकीचे मासे दाणे टाकले की वर झेपावणारे. मँडरिन तेवढा खाली, खडकांच्या कपारींतून सरकत असतो. थांबतो, डोळे फिरवतो, तोंड पुढे काढून खडकावरचं काहीतरी टिपतो, पुन्हा सरकतो. पाहणाऱ्याला वाटतं, चाललंय त्याचं नीट. प्रत्यक्षात तो दिवसभर शोधत असतो आणि मिळतं त्यात त्याचं भागत नसतं.

जाणकार माणूस त्याचे रंग बघत नाही, पोट बघतो. मासा काचेजवळ आडवा आला की छातीच्या परांमागची जागा पाहायची. तिथे गोलाई असेल तर ठीक. ती जागा सपाट झाली असेल तर काळजीचं. आत खळगा पडला असेल, डोकं धडाच्या मानाने मोठं वाटायला लागलं असेल आणि पाठीवर कण्याची कड उठून दिसत असेल, तर फार उशीर झालेला असतो. रंग मात्र तेव्हाही बऱ्यापैकी शाबूत असतात, आणि लोक फसतात ते तिथेच.

हा एखाद्या निष्काळजी मालकाचा प्रश्न असता तर त्यावर लिहायचं कारण नव्हतं. पण काही सागरी प्रजातींच्या बाबतीत हेच घरोघरी, वर्षानुवर्षं होत आलं आहे आणि तरी त्या सर्रास विकल्या जातात. माझं म्हणणं सरळ आहे. ज्या माशाला सर्वसाधारण घरात पुरेसं अन्न मिळण्याची वाजवी शक्यता नाही, तो समुद्रातून पकडून छंदासाठी विकायला परवानगी नसावी. तशी शक्यता आहे, हे दाखवून देण्याची जबाबदारी विकणाऱ्यावर असावी. आज ती घेणाऱ्यावर ढकललेली आहे आणि शेवटी तिची किंमत मासा मोजतो.

मँडरिनचं दुखणं समजलं की बाकीचं समजायला सोपं जातं. सिंकिरोपस स्प्लेंडिडस हे त्याचं शास्त्रीय नाव. १९२७ साली अल्बर्ट हेर यांनी फिलिपिन्समधल्या नमुन्यांवरून त्याचं वर्णन केलं. जपानच्या दक्षिणेकडच्या र्‍युक्यु बेटांपासून ऑस्ट्रेलियापर्यंत, लाटांपासून आडोसा असलेल्या उथळ प्रवाळी पाण्यात तो राहतो. लांबी जेमतेम सहा-सात सेंटिमीटर. त्याचा निळा रंग हे एक नवलच आहे. प्राण्यांच्या अंगावर दिसणारा निळा बहुतेक वेळा प्रकाश विशिष्ट तऱ्हेने परावर्तित झाल्यामुळे दिसतो, मँडरिनच्या त्वचेत मात्र खरंखुरं निळं रंगद्रव्य भरलेल्या पेशी असतात. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांत अशी उदाहरणं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीही नाहीत. त्याच्या अंगावर खवले नसतात, त्याऐवजी जाड, उग्र वासाचा, विषारी चिकट स्राव असतो. त्यामुळे त्वचेवरच्या परजीवींचा त्रास त्याला इतर माशांपेक्षा कमी होतो. म्हणजे शरीराने तो काटकच म्हणावा लागेल. अडचण आहे ती पोटाची.

त्याचं मुख्य अन्न म्हणजे खडकांवर आणि शेवाळात राहणारे बारीक कवचधारी जीव, त्यातही कोपेपॉड. एकेक जीव मिलिमीटरभराचा किंवा त्याहून लहान. मोठा घास घेऊन दिवसभर गप्प बसायचं, ही या माशाची रीतच नाही. तो चरणाऱ्या जनावरासारखा उजेड असेतो टिपत राहतो. नव्याने मांडलेल्या टाकीत हे जीव नसल्यातच जमा असतात. जुन्या टाकीत असतात, पण लहान टाकीतला सगळा साठा एक मँडरिन काही आठवड्यांत फस्त करतो आणि उरलेल्यांना पुन्हा वाढायला उसंतच मिळत नाही. म्हणून अनुभवी लोक सांगतात की टाकी निदान तीनशे लिटरची हवी, तिच्यात भरपूर खडक हवा, ती कित्येक महिने मुरलेली हवी आणि शेजारी शेवाळाची वेगळी टाकी हवी, जिच्यात कोपेपॉड निवांत वाढतील. शिवाय त्याच अन्नावर जगणारा दुसरा चपळ मासा टाकीत नको. हे सगळं असूनही काही मँडरिन जगत नाहीत. काही थोडे गोठवलेलं अन्न खायला शिकतात. पण हलणारं तेच अन्न अशी ज्याच्या नजरेला सवय आहे, त्याला पाण्यात निपचित तरंगणारा तुकडा हे अन्न आहे हेच पटत नाही.

आता हा मासा ज्या माणसाच्या हातात पडतो तो कोण असतो, ते पाहा. बहुतेकदा सहा-आठ महिन्यांपूर्वी छंद सुरू केलेला, शंभर-सव्वाशे लिटरची टाकी असलेला, पाण्याच्या चाचण्या मनापासून करणारा माणूस. त्याने काहीही हयगय केलेली नसते. त्याच्या टाकीत त्या माशापुरतं अन्न नाही, इतकंच. आणि ते नाही हे मासा विकताना विकणाऱ्याला ठाऊक असू शकतं, टाकी केवढी आणि किती जुनी एवढं विचारलं तरी.

मँडरिन एकटा नाही. शेव्हरॉन बटरफ्लायफिश घ्या. टेबलासारखं पसरणारं अ‍ॅक्रोपोरा जातीचं प्रवाळ, त्यातही एखाद-दुसरी प्रजाती, एवढ्यावरच तो जवळपास पूर्णपणे जगतो. समुद्रात ते प्रवाळ मेलं तर तिथले हे मासेही कमी होतात. समुद्रात जो पर्यायी अन्नावर निभावून नेऊ शकत नाही, तो घरच्या टाकीत कसा नेईल? मूरिश आयडॉलचं दुखणं निराळं. झँक्लिडी कुळातली ही एकुलती एक जिवंत प्रजाती आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यापासून अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापर्यंत पसरलेली आहे, म्हणजे समुद्रात तिला नाजूक म्हणता येणार नाही. पण वीस सेंटिमीटरच्या पुढे वाढणारा, दिवसभर लांबच लांब पोहणारा आणि मुख्यतः स्पंज खाणारा हा मासा चार भिंतींत आणला की कित्येकदा अन्नाला तोंडच लावत नाही. काही खायला लागतात, मालक सुटकेचा श्वास टाकतो, आणि तरी काही महिन्यांत मासा झिजत जातो. हा दुसरा प्रकार मला जास्त क्रूर वाटतो, कारण त्यात माणसाची आशाही वापरली जाते.

सगळ्यात जास्त बोलायला हवं ते क्लीनर रॅसबद्दल. बोटाएवढा, निळसर-पांढरा, डोक्यापासून शेपटीपर्यंत काळा पट्टा असलेला हा मासा प्रवाळभिंतीवर एक ठराविक जागा धरून राहतो. इतर मासे त्याच्याकडे येतात, तोंड आणि कल्ले उघडून उभे राहतात, आणि हा त्यांच्या अंगावरचे परजीवी वेचून खातो. ऑस्ट्रेलियात झालेल्या अभ्यासात एक क्लीनर रॅस दिवसाला दोन हजारांहून जास्त वेळा माशांची तपासणी करतो आणि सुमारे १,२०० परजीवी खातो असं दिसलं. घरच्या टाकीत मासे असतात आठ-दहा. दोन दिवसांत त्यांच्या अंगावर वेचण्यासारखं काही उरत नाही. मग हा त्यांच्या अंगावरचा स्रावच ओरबाडायला लागतो, ते त्याला टाळायला लागतात, आणि तो वाळत जातो. काही क्लीनर रॅस कापलेलं, गोठवलेलं अन्न घेतात, हे खरं. पण बरेच घेत नाहीत, आणि कोणता घेईल हे विकत घेताना सांगता येत नाही.

आणि हा मासा विकला जातो तो औषध म्हणून! टाकीतल्या माशांच्या अंगावर पांढरे ठिपके आले की ‘एक क्लीनर रॅस सोडा’ असा सल्ला हमखास मिळतो. ते ठिपके क्रिप्टोकॅरियॉन नावाच्या एकपेशीय परजीवीचे असतात आणि तो त्वचेच्या आत, पेशींच्या थराखाली दडलेला असतो. क्लीनर रॅस जे खातो ते त्वचेवर चिकटलेले, मुख्यतः नाथिइड जातीचे कवचधारी जीव. म्हणजे आजार एक, उपाय भलत्याचाच, आणि त्या उपायापायी आणखी एक जीव घरात येऊन उपाशी राहणार.

तिकडे समुद्रात काय होतं? ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवरच्या लिझर्ड आयलंडजवळ संशोधकांनी काही लहान प्रवाळखडकांवरून क्लीनर रॅस सतत काढून टाकले आणि साडेआठ वर्षांनी शेजारच्या, हे मासे असलेल्या खडकांशी तुलना केली. जिथे ते नव्हते तिथे रहिवासी माशांची संख्या ३७ टक्क्यांनी आणि प्रजातींची विविधता २३ टक्क्यांनी कमी भरली. एका बोटाएवढ्या माशाच्या असण्या-नसण्याने एवढा फरक पडतो. प्रवाळभिंतीला इतका उपयोगी आणि घरच्या टाकीत इतका निरुपयोगी असा दुसरा मासा मला माहीत नाही. २०१९ मध्ये याच प्रजातीने, प्राणी स्वतःला ओळखतो का हे तपासणाऱ्या आरशाच्या प्रयोगात, स्वतःच्या गळ्यावरची खूण पाहून ती खडकावर घासून काढायचा प्रयत्न केला, असं प्रसिद्ध झालं. त्याचा अर्थ काय लावायचा यावर शास्त्रज्ञांत वाद आहे. मला तो वाद मिटण्याची वाट पाहायची गरज वाटत नाही. भूक लागणं एवढं समजायला आरसा लागत नाही.

इथवर आलं की व्यापाऱ्यांचं ठरलेलं उत्तर येतं: ‘आम्ही लिहिलेलं असतं, हा मासा तज्ज्ञांसाठीच आहे.’ या पाटीने काय साधतं? विकणारा मोकळा होतो. घेणाऱ्याला, विशेषतः ज्याच्या अंगात नुकताच आत्मविश्वास आला आहे त्याला, ते आव्हान वाटतं. आणि मासा मेला की दोष ठरलेला असतो. पाण्यात काहीतरी बिघडलं असेल, तुम्ही घाई केली असेल, तुमचा फिल्टर कमी पडला असेल. मालकही मुकाट्याने ते मान्य करतो, कारण अपराधी त्याला आधीच वाटत असतं. असा प्रत्येक मृत्यू एकेका घराचा खासगी पराभव होऊन बसतो. एकाच प्रजातीचे मासे हजारो घरांत एकाच तऱ्हेने मरत आहेत हे कुणाच्याच नजरेस येत नाही, कारण त्या घरांना एकमेकांची खबर नसते आणि मेलेला मासा कुठेही नोंदला जात नाही.

नोंदी नाहीत म्हणजे किती नाहीत? अमेरिका ही या व्यापाराची मोठी बाजारपेठ. तिथे आयात होणाऱ्या उष्ण कटिबंधीय सागरी माशांची सरकारी नोंद बराच काळ एकाच सरसकट सांकेतिक नावाखाली होत होती, प्रजातीनिहाय नव्हे. नेमकं काय येतं हे कळावं म्हणून संशोधकांना २००४-०५ या एका वर्षातल्या मालाच्या पावत्या एकेक करून तपासाव्या लागल्या. तेव्हा १,८०२ प्रजातींचे सुमारे १ कोटी १० लाख मासे आले असल्याचं निघालं. त्याआधी २००३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाशी संलग्न संस्थेने जगभरच्या व्यापाराचा अंदाज वर्षाला दोन कोटी ते दोन कोटी चाळीस लाख सागरी मासे असा दिला होता. गोड्या पाण्यातले शोभेचे मासे बव्हंशी पैदास केलेले असतात, सागरी मासे मात्र बहुतांश थेट प्रवाळभिंतीवरून उचललेले. किती आले हे कळायला पावत्या चाळाव्या लागत असतील, तर किती जगले हे कसं कळणार?

या अज्ञानात एक हिशेब दडलेला आहे आणि माझ्या दृष्टीने सगळ्या वादाचं मूळ तिथे आहे. दहा वर्षं जगणारा मासा माणूस एकदा घेतो. तीन आठवड्यांत मरणारा मासा तो पुन्हा घेतो, कधीकधी तिसऱ्यांदाही. मग कागदावर त्या प्रजातीला ‘चांगली मागणी’ दिसते. मागणी दिसली की ती आणखी मागवली जाते. म्हणजे मासा जितका लवकर मरतो तितका तो जास्त खपतो, आणि तो मरू नये यात साखळीतल्या कुणाचाच फायदा नाही. पकडणाऱ्याला दर नगाप्रमाणे पैसे मिळतात, निर्यातदाराला खोक्याप्रमाणे, दुकानदाराला विक्रीप्रमाणे. माशाच्या जगण्याशी फक्त मालकाची गाठ असते, आणि त्याच्या हातात मासा येतो तेव्हा बरंच नुकसान होऊन गेलेलं असतं.

हे नुकसान कसं होतं, तेही लक्षात घेतलं पाहिजे. प्रवासात पिशवीतलं पाणी घाण होऊन अमोनिया वाढू नये म्हणून माशांना पाठवण्याआधी उपाशी ठेवतात. पकडणाऱ्याकडून निर्यातदाराकडे, तिथून विमानाने आयातदाराकडे, मग घाऊक विक्रेत्याकडे आणि शेवटी दुकानात, असे चार-पाच टप्पे. ठोकळ अन्न खाणाऱ्या, अंगात चरबी असलेल्या माशाला हा उपास सोसतो. सतत टिपत राहणाऱ्या माशाला सोसत नाही. त्यातून मासा सायनाइडने पकडलेला असेल तर आणखी कठीण. फिलिपिन्समध्ये १९६० च्या दशकात सुरू झालेली ही पद्धत बेकायदा असूनही पुरती गेलेली नाही. प्लॅस्टिकच्या बाटलीतून विषाचा फवारा कपारीत मारायचा आणि गुंगलेला मासा उचलायचा. आजूबाजूचं प्रवाळ त्यात मरतं, आणि मासा वरकरणी सावरला तरी त्याच्या आतल्या इंद्रियांना इजा झालेली असू शकते. मालकाच्या घरी तो ‘काहीही कारण नसताना’ मरतो, आणि कारण मागे समुद्रात राहून गेलेलं असतं.

समुद्र घरात आणण्याच्या हौसेची झळ समुद्राला लागणं नवं नाही. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यालय उघडलं, पुढच्या वर्षी फिलिप हेन्री गॉस यांनी काचेच्या टाकीत समुद्री जीव कसे ठेवावेत यावर पुस्तक लिहिलं, आणि इंग्लंडमध्ये या छंदाची लाटच आली. गॉस यांचं त्या जीवांवर निरतिशय प्रेम होतं. पण त्यांचा मुलगा एडमंड यांनी १९०७ मध्ये आठवणी लिहिल्या तेव्हा वडिलांनी वर्णिलेली किनाऱ्यावरची डबकी उजाड झाल्याची खंत नोंदवली. गोळा करणाऱ्यांच्या झुंडींनी ती ओरबाडून नेली होती. त्यातल्या बहुतेकांना ते जीव जगवण्याचं तंत्र माहीत नव्हतं. प्रेम खरं होतं, म्हणून नुकसान कमी झालं नाही.

विरुद्ध बाजूचे मुद्दे मी हलके समजत नाही. पहिला मुद्दा या छंदाच्या श्रेयाचा आहे आणि तो खराच आहे. मत्स्यपालनाचं किती तरी ज्ञान विद्यापीठांआधी घरातल्या टाक्यांत तयार झालं. क्लाउनफिशची व्यापारी पैदास १९७० च्या दशकातच सुरू झाली. अ‍ॅक्रोपोरावर जगणाऱ्या हार्लेक्विन फाइलफिशची पैदास करून दाखवली ती एका हौशी माणसाने. मँडरिनची पैदास करून दाण्यांवर वाढवलेली पिल्लं २०१० पासून फ्लोरिडातल्या एका पैदास केंद्राने विक्रीला आणली. ज्यांची पैदास अशक्य म्हणत त्या पिवळ्या टँग माशाची हवाईत २०१५ मध्ये आणि निळ्या टँगची फ्लोरिडात २०१६ मध्ये यशस्वी पैदास झाली. या लोकांना मी मनापासून मानतो. पण या सगळ्या उदाहरणांतून निघतं ते उलटं. टाकीत जन्मलेला, दाणे ओळखणारा मासा देता येतो, तर उपाशी मरणारा रानटी मासा विकायचं समर्थन आणखीच दुबळं होतं. आणि अडचणही इथेच आहे. अळीपासून मासा वाढवायला महिनोन्‌महिने जिवंत खाद्य, मजुरी आणि वीज लागते. रानटी माशाच्या किमतीत तो वाटेत मेलेल्यांचा आणि घरी मरणार असलेल्यांचा खर्च धरलेलाच नसतो, म्हणून तो स्वस्त पडतो. दोघांना शेजारी ठेवून ‘ग्राहक ठरवेल’ म्हणणं ही स्पर्धा नव्हे.

नुसती पैदास शक्य असून भागत नाही याचा पुरावा बांगाई कार्डिनलफिश आहे. इंडोनेशियातल्या सुलावेसीजवळच्या बांगाई द्वीपसमूहातच मुळात सापडणारा हा मासा. नर अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळतो, पिल्लं प्रवाहाबरोबर दूर वाहून जात नाहीत, म्हणून एका जागचे मासे उचलले की तिथे बाहेरून नवे येत नाहीत. याच गुणामुळे त्याची टाकीत पैदास करणं सोपं आहे. तरी वर्षाला लाखोंनी रानटी मासे उचलले गेले आणि २००७ मध्ये तो आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत धोक्यातली प्रजाती म्हणून नोंदला गेला. सोपा पर्याय समोर असूनही बाजार आपणहून तिकडे वळला नाही. उलट समुद्रघोड्यांच्या बाबतीत, त्यांचा व्यापार २००४ पासून साइट्स या वन्यजीव-व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या नियमनाखाली आला, आणि छंदासाठी विकले जाणारे जिवंत समुद्रघोडे मोठ्या प्रमाणात पैदास केंद्रांतून येऊ लागले. नियमाने सगळं झालं असं मी म्हणणार नाही, पण नियमाशिवाय ते झालं नसतं असं मला वाटतं.

दुसरा मुद्दा मच्छीमारांच्या पोटाचा. तो सगळ्यात वजनदार आहे. किनाऱ्यावरच्या गरीब कुटुंबांना जिवंत माशातून रोख पैसा मिळतो, आणि जिवंत प्रवाळभिंतीतून पैसा मिळत असेल तर ती सुरुंग लावून उडवण्यापेक्षा राखण्यात त्यांचं हित असतं. म्हणून सगळी पकड बंद करा, असं मी म्हणत नाही. सहज खाणाऱ्या, काटक, मुबलक प्रजाती जाळीने नीट पकडून विकायला माझी हरकत नाही. पण ज्या प्रजाती घरात जगतच नाहीत त्यांच्यावर कुणाची रोजी उभी करणं म्हणजे त्या माणसालाही कायम जास्त मासे पकडायला लावणं आहे. मँडरिनमध्ये तर पाठीवरचा लांब पर असलेले मोठे, देखणे नरच आधी उचलले जातात. माद्या जोडीसाठी मोठे नर पसंत करतात, तेच नाहीसे होतात, आणि पुढच्या वर्षीची पकड कमी होते. त्याची पहिली झळ दुकानदाराला नव्हे, त्या मच्छीमारालाच लागते.

तिसरा मुद्दा असा, की समुद्र तापल्यामुळे प्रवाळभिंती पांढऱ्या पडत असताना चार शोभेच्या माशांचं काय घेऊन बसलात. १९९८ आणि २०१६ च्या विरंजनाने जे नुकसान केलं त्यापुढे हा व्यापार लहान आहे हे मान्य. पण मोठं संकट आहे म्हणून लहान अन्याय चालू ठेवायचा, हे कुठलं तर्कशास्त्र? आणि ज्या भिंतीवर आधीच ताण आहे तिथून क्लीनर रॅससारखा कामाचा मासा उचलणं तेव्हा अधिकच महाग पडतं.

मग करायचं काय? कोणते मासे विकू नयेत याच्या याद्या नेहमी मागे पडतात, कारण प्रजाती हजारांच्या घरात आहेत आणि नवीन रोज येतात. उलट यादी हवी. घरगुती टाकीत ठराविक अन्नावर किमान वर्षभर जगल्याचा पुरावा ज्या प्रजातीबद्दल आहे तीच विकता यावी, आणि तो पुरावा व्यापाराने गोळा करावा. प्रत्येक माशाबरोबर तो कुठून आला आणि पैदास केलेला आहे की पकडलेला, हे लिहिलेलं असावं. दुकानात आल्यावर काही आठवडे ठेवून, ग्राहकासमोर नेहमीचं अन्न खाताना दाखवल्याशिवाय मासा विकू नये. हे अवघड नाही. चांगले विक्रेते आजही आपणहून हे करतात आणि जो न करणारा आहे तो त्यांच्यापेक्षा स्वस्त विकून त्यांना मागे टाकतो. महिन्याच्या आत मेलेल्या माशाची भरपाई विक्रेत्याकडून मिळावी आणि ती वरच्या टप्प्यांकडून त्याला वसूल करता यावी. मगच मासा जगण्यात साखळीतल्या प्रत्येकाचा पैसा गुंतेल. ज्यांच्याकडे जिवंत खाद्याची सोय आहे आणि जे पैदास करू पाहतात, त्यांना परवान्यावर कठीण प्रजाती मिळाव्यात, आणि मेलं-जगलं याची नोंद देणं त्यांच्यावर बंधनकारक असावं. अशा नोंदी दहा वर्षं साठल्या तर आज ज्या प्रजातीला नाही म्हणतो आहोत तिला उद्या हो म्हणता येईल. माझी अडवणूक कायमची नाही.

सुरुवात करायचीच असेल तर ती क्लीनर रॅसपासून करावी. त्याला उचलल्याने भिंतीचं नुकसान होतं हे मोजलेलं आहे, टाकीत त्याचा उपयोग नाही हे समजलेलं आहे, आणि ज्या कामासाठी लोक तो घेतात त्याला पर्याय तयार आहेत. नवा मासा मुख्य टाकीत सोडण्याआधी काही आठवडे वेगळ्या टाकीत ठेवला तर पांढरे ठिपके मुळात आतच येत नाहीत. आणि एखाद्याला साफसफाई करणारा मासा पाहण्याचीच हौस असेल, तर निऑन गोबी आहे. बोटाच्या पेरापेक्षा थोडा मोठा, काळ्या अंगावर निळी रेघ असलेला, इतर माशांच्या अंगावरून फिरून तेच काम करणारा. त्याची पैदास गेली कित्येक दशकं होते आहे आणि परजीवी मिळाले नाहीत तर तो दाणे खातो.